उजवं स्टिअरिंग ओरिजिनलच आहे हो

वरच्या कमेंटमध्ये एका दादांनी शंका काढलीय की विक्रीला आलेल्या या पिअर्स-ॲरो ६६ टूरिंगचं (टूरिंग म्हणजे उघड्या बॉडीची जुनी मोठी गाडी) स्टिअरिंग उजवीकडे कसं, अमेरिकन गाडी ना, मग नंतर बदललं असणार. तर नाही हो, अमेरिकेतल्या बफेलो शहरातली ही कंपनी १९२० पर्यंत उजवंच स्टिअरिंग देत होती, त्यामुळे ते डावीकडे असतं तर मी जास्त घाबरलो असतो. मडगार्डमधून उगवल्यासारखे दिसणारे हेडलाइटही कुणी हौसेने बसवलेले नाहीत, हर्बर्ट डॉली नावाच्या डिझायनरची ती आयडिया, १९१४ मध्ये पेटंट मिळालं. आणि इंजिन! सहा सिलेंडर, प्रत्येकाचा बोअर (आतला व्यास) ५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७ इंच, म्हणजे एकूण साडेतेरा लिटर, आपल्याकडच्या बहुतेक ट्रकलाही एवढं मोठं नसतं!

मी असतो तर आधी बॉडी तपासली असती, कारण या दणकट चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) पुढे बऱ्याच जणांनी आगीचे बंब बनवले आणि मूळ टूरिंग बॉड्या गेल्या, आता चासी जुनी आणि बॉडी नवीन असं सर्रास सापडतं. मूळ बॉडीला ओतीव ॲल्युमिनियमचे पॅनल असायचे, पत्रा ठोकून केलेले नाही. दरवाजे उघडून आतल्या बाजूचे फोटो मागवा, पॉलिश केलेल्या बाहेरच्या फोटोंवर जाऊ नका प्लीज.