हिवाळ्यात बोट बंद ठेवायचीय, इंजिन आतून गंजू नये म्हणून नक्की काय काय करायचं?

लाटेवरचा
नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली की बोट पाण्याबाहेर काढून शेडमध्ये ठेवणार आहे, नंतर चार-पाच महिने तिला हात लागणार नाही. इंजिन आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं) आहे, फोर स्ट्रोक, कार्ब्युरेटरवालं (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), आणि अख्खा सीझन खाऱ्या पाण्यात चाललंय. बोट सेकंडहँड घेतलीय, आधी इंजिन कसं ठेवलं जायचं ते माहीत नाही, पण स्पार्क प्लग काढून बघितले तर आटे लालसर झालेत आणि कव्हरखालचे दोन-तीन स्क्रू इतके धरलेत की पान्याला दादच देत नाहीत. माझा विचार असा की बाहेरून पॉलिश मारायचं, सगळीकडे डब्ल्यूडी फॉर्टी फवारायचं आणि प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवायचं. एवढं पुरेल का? आणि महिन्यातून एकदा सुरू करून पाच मिनिटं चालवलं तर बरं पडेल का? इंजिनचा आवाज अजून छान आहे, ते जपायचंय, म्हणून जरा सविस्तर सांगा.

जुना तांडेल
पॉलिश मारा, त्याला ना नाही, पण आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं नको व्हायला. खरं नुकसान आत होतं. इंजिन बंद झालं की कुठल्या ना कुठल्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो, तिथून दमट हवा थेट सिलेंडरच्या भिंतीपर्यंत पोचते. रात्री धातू गार पडतो, सकाळी हवा गरम झाली की त्या गार धातूवर दव धरतं, आणि रोज चालणाऱ्या इंजिनात तिथे जो तेलाचा थर असतो तो इतक्या महिन्यांत ओघळून खाली गेलेला असतो. मग पिस्टनची रिंग जिथे टेकून बसलीय बरोब्बर तिथे गंजाची बारीक रेघ उमटते, आणि सीझनला सुरू केल्यावर रिंग त्या खरबरीत रेघेवरून घासत राहते. त्यात मीठ राहिलं असेल तर बघायलाच नको, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे आपल्याला कोरडी वाटणाऱ्या हवेतसुद्धा धातू ओलाच राहतो.

आता क्रम सांगतो. आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, हे सीझन सुरू होताना नाही तर आत्ताच, कारण वापरलेल्या तेलात जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं आणि ते महिनोनमहिने बेअरिंगला लागून बसतं. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) घाला. मग फ्लशिंगचे मफ (इंजिनच्या पाण्याच्या जाळीवर बसणारे, नळी जोडायचे रबरी कप) लावून, पाणी आधी सोडून नंतर इंजिन सुरू करा (पाण्याशिवाय क्षणभरही नको, इम्पेलर म्हणजे पाणी खेचणारं रबरी चाक जळतं) आणि गोड्या पाण्यावर न्यूट्रलमध्ये 10-15 मिनिटं चालू द्या. इतका वेळ का, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप) उघडल्याशिवाय त्याच्या पलीकडचं खारं पाणी निघतच नाही, दोन मिनिटांत बंद केलं तर मीठ आतच. नवीन तेल आणि स्टॅबिलायझरवालं पेट्रोलही याच वेळात सगळीकडे पोचतं.

शेवटी इंजिन चालू असतानाच कार्ब्युरेटरच्या तोंडातून फॉगिंग ऑइल (आतल्या धातूवर थर धरणारं गंजरोधक तेल) फवारायचं, दाट पांढरा धूर येऊन इंजिन अडखळायला लागेपर्यंत, मग बंद. आता प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं थोडं फॉगिंग ऑइल मारा, प्लगच्या वायरी अर्थ करून इंजिन हाताने नाहीतर स्टार्टरने दोन-तीन फेरे फिरवा म्हणजे तेल भिंतीला नीट पसरेल. प्लगच्या आट्यांना अगदी पुसट अँटीसीझ (आटे धरू न देणारी पेस्ट) लावून परत बसवा, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका, नाहीतर ते सुकून चिकट होतं आणि जेट बंद. तुमचं कार्ब्युरेटरवालं आहे म्हणून हे चालतं, इंजेक्शनवालं असतं तर इनटेकमध्ये मनाने काही फवारू नका म्हटलं असतं, तिथे मॅन्युअल सांगेल तेच.

पाना आणि पक्कड
तांडेल दादा म्हणतात ते बरोबर, पण मी तर बाबा दर महिन्याला इंजिन सुरू करतो. सगळे पार्ट हलते राहतात, तेल फिरतं, बॅटरीपण चार्ज होते. एवढी तेलाची फवारणी करण्यापेक्षा हे सोपं नाही का?

जुना तांडेल
सोपं आहे पण उलटं पडतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन पूर्ण तापलं तर ती वाफ बाहेर निघून जाते, पाच मिनिटांत तापत नाही म्हणून ती गार एक्झॉस्टमध्ये आणि क्रँककेसमध्येच थंड होऊन बसते. वर तुम्ही लावलेला फॉगिंग ऑइलचा थरही पहिल्याच फटक्यात जळून गेला. म्हणजे दर महिन्याला आपणच आत पाणी घालतोय. एकतर पाणी जोडून अर्धा-पाऊण तास थोड्या लोडवर पूर्ण तापेपर्यंत चालवा, नाहीतर सीझनपर्यंत अजिबात सुरूच करू नका. बॅटरीसाठी इंजिन कशाला, ती काढून घरात ठेवा आणि अधूनमधून चार्जरला लावा.

कोरडा डेक
प्लास्टिकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. घट्ट गुंडाळणं सगळ्यात वाईट, आत अडकलेला ओलावा तिथेच फिरत राहतो. हवा खेळणारं कापडी कव्हर घाला आणि खालून हवा जायला जागा सोडा. इंजिनच्या कव्हरखाली जुनं मीठ असेल तर ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण सुकवून मगच स्प्रे मारा. डब्ल्यूडी फॉर्टी पाणी हटवायला उत्तम पण त्याचा थर फार पातळ असतो, महिनोनमहिने टिकणारं काम त्याचं नाही. त्यावर मेणाचा नाहीतर लॅनोलिनचा गंजरोधक स्प्रे मारा, रबरी बेल्ट सोडून. ते धरलेले स्क्रू आत्ताच पेनिट्रेटिंग ऑइल टाकून, थोडं गरम करून काढा, ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू दरवर्षी जास्तच धरतो आणि मग डोकं तुटून हातात येतं.

डिझेलवाला
ज्यांचं इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल इंजिन आहे त्यांच्यासाठी, चालत्या डिझेलच्या इनटेकमध्ये फॉगिंग ऑइल कधीच फवारू नका, इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. स्टॉप (डिझेल बंद करणारी दांडी) ओढून, स्टार्टर मारताना अगदी थोडं तेल, बस्स. समुद्राच्या पाण्याच्या सर्किटमध्ये गोडं पाणी फिरवून नंतर प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ भरा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, ब्लॉक तडकायला तेवढं पुष्कळ झालं, आणि चांगल्या अँटीफ्रीझमध्ये गंजरोधकही असतो त्यामुळे दोन्ही कामं होतात. शेवटी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करा आणि चावीला मोठी चिठ्ठी बांधा की बोळे काढल्याशिवाय सुरू करू नये.

लाटेवरचा
खूप खूप आभार सगळ्यांचे! प्लास्टिक आणि महिन्याचं स्टार्टिंग दोन्ही रद्द. फक्त दोन शंका: इंजिन तिरकं वर उचलून ठेवू की उभं? आणि झिंकचे ॲनोड (इंजिनऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवणारे धातूचे तुकडे) बरेच झिजलेत, शेडमध्ये असताना ते गंज थांबवतील ना?

जुना तांडेल
उभंच ठेवा, म्हणजे उरलंसुरलं पाणी आपोआप निथळेल. तिरकं ठेवलं तर खालच्या भागात पाणी साचतं आणि गोठलं तर नुकसान. गिअर ऑइलही आत्ताच काढून बघा, दुधाळ दिसलं तर सील गेलंय, पाणी आत आलंय, सील बदलूनच नवीन तेल भरा.

ॲनोडचं म्हणाल तर तो पाण्यात बुडालेला असतानाच काम करतो, शेडमध्ये त्याचा काही उपयोग नाही. पण अर्धा झिजला असेल तर पाण्यात उतरवण्याआधी बदला, खाऱ्या पाण्याला झिंक नाहीतर ॲल्युमिनियमचा, आणि त्याला रंग अजिबात लावू नका. सीझनला पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा काही मिनिटं भरपूर धूर येईल, ते फॉगिंग ऑइल जळतंय, घाबरू नका. जुने प्लग त्यात खराब होतात, म्हणून इंजिन साफ चालायला लागलं की नवे टाका.