प्रतिसाद: मुलांना गोठा दाखवायला नेताना

मुलांना गोठा दाखवायला 'दुपारी निवांत जावं' असं वरच्या लेखात सुचवलंय. मी उलट सांगेन: धारेच्या वेळेला, म्हणजे दूध काढतात तेव्हा, पहाटे किंवा संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, पण मालकाला आधी विचारून. खरं बघण्यासारखं तेव्हाच असतं.

कास कोमट पाण्यानं धुतली की जनावर पान्हा सोडतं, म्हणजे दूध सडांत उतरतं, आणि तो जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार संपवावी लागते. त्या वेळी अनोळखी माणसांचा गलका झाला, तर जनावर बुजून पान्हा चोरतं, म्हणजे दूध रोखून धरतं, म्हशी जास्तच. राहिलेलं दूध कासेत साचून दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) होण्याचा धोका, नुकसान मालकाचं. म्हणून मुलांना समोर, दिसेल असं, चार-पाच पावलांवर उभं करा. मागून कधीच नाही. गाईला थेट मागचं दिसत नाही, दचकली तर लाथ बसू शकते. फ्लॅश बंद.

पहिल्या चार पिळा वेगळ्या वाटीत काढतात, गुठळ्या दिसतात का बघायला. मुलांना हे जरूर दाखवा. अंगठा मुडपून पिळलं तर सडाला इजा होते, पूर्ण मुठीनं पिळायचं असतं.

घरून शिळ्या पोळ्या, भात नेऊ नका, जनावराचं पोट बिघडतं. आदल्या आठवड्यात दुसऱ्या गोठ्यात गेला असाल तर चपला बदला: लाळ्या खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग चपलांच्या तळव्यांतूनही पसरतो. दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तळवे बुडवले तरी चालतं.

कोल्हापुरात धारोष्ण, म्हणजे नुकत्याच काढलेल्या कच्च्या दुधाचं कौतुक आहे, पण मुलांना उकळूनच द्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होऊ शकतो.