मदत हवी आहे: घरात तीन डोकी, तिघांचे केस वेगळे, शाम्पू कोणता आणू?

सावद्याची_सून (मंगळवार, दुपारी २:१०)

नमस्कार. खूप वैतागले आहे, कोणीतरी पटकन सांगा.

माझे केस मुळाशी चिकट आणि टोकाला केरसुणीसारखे झालेत. न्हाऊन आलं तरी न्हाल्यासारखं वाटत नाही, फणी फिरवली की तिच्या दातांत पांढुरका मेणचट थर येतो. चार शाम्पू बदलले. तेलकट केसांचा आणला तर टोकं अजून राठ, कोरड्या केसांचा आणला तर मुळं दुसऱ्याच दिवशी चिप्प. मिस्टरांना कोंडा आहे. मुलगी सात वर्षांची, तिचे केस कुरळे, रोज सकाळी गुंता काढताना रडारड. त्यात आता पंधरा दिवस झाले, सारखं डोकं खाजवते. बापाचा कोंडा तिलाही लागला असं वाटतंय.

रविवारी नणंदेचा साखरपुडा आहे. तिघांना चालेल असा एक शाम्पू सांगा. फक्त नाव सांगा. घरगुती उपाय नकोत, वेळ नाही.

पांझराकाठ (दुपारी २:३२)

पाणी कुठलं वापरता? नळाचं की बोअरचं? केसांना रंग किंवा स्मूदनिंग वगैरे केलंय का? आठवड्यातून किती वेळा डोक्यावरून अंघोळ? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

चोपड्याची_आक्का (दुपारी २:५०)

ताई, शाम्पूचा नाद सोड. शिकेकाई पाव किलो, रिठे दहा-पंधरा, आवळकाठी मूठभर. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचं, सकाळी उकळून, कुस्करून, सुती फडक्यातून गाळून घ्यायचं. फडक्यातूनच गाळायचं, चाळणीनं नाही, नाहीतर चोथा केसांत अडकून बसतो. माझ्या आईचे केस सत्तरीतही कमरेखाली होते.

सावद्याची_सून (दुपारी ३:०५)

आक्का, घरगुती नको असं लिहिलं होतं मी. लहान मूल, सासू-सासरे, उन्हाळ्यात पाहुणे, शिकेकाई कधी उकळू?

पांझराकाठ, पाण्याचा काय संबंध? बोअरचंच आहे. सगळी गल्ली त्याच पाण्यानं न्हाते. रंग नाही, स्मूदनिंग नाही. आठवड्यातून दोनदा न्हाते.

शिरपूर_मेडिकल (दुपारी ३:४०)

माझं औषधाचं दुकान आहे, रोज हाच प्रश्न ऐकतो म्हणून सविस्तर लिहितो.

बाटलीवर 'तेलकट', 'कोरडे' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. शाम्पू निवडायचा तो टाळू बघून. टोकांची काळजी कंडिशनरनं घ्यायची, आणि तो मुळाला लावायचा नाही, कानाच्या खाली लावायचा. तुमची टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, यात विरोध काहीच नाही. लांब केसांत मुळाशी सुटणारं तेल टोकापर्यंत पोचत नाही. कुरळ्या केसांत तर वळणा-वळणावर अडतं, म्हणून मुलीचे केस राठ.

पण फणीवरचा पांढरा थर हे वेगळं प्रकरण आहे. तुमचे केस कायम असेच होते का? कधीपासून बिघडले?

सावद्याची_सून (दुपारी ४:०२)

दोन वर्षं झाली. आधी आम्ही नाशिकला होतो. मिस्टरांनी नोकरी सोडून घरची केळी बघायला घेतली, तेव्हा सावद्याला आलो. नाशिकला कुठलाही शाम्पू लावला तरी चालायचा.

पांझराकाठ (दुपारी ४:०६)

हे पहिल्याच निरोपात लिहायला हवं होतं, ताई! केस तेच आहेत, पाणी बदललं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो का? बादलीला आतून खरखरीत कडा येतात का?

सावद्याची_सून (दुपारी ४:१५)

गिझरची कॉइल दोनदा बदलली. आरओवाल्यानं मोजलं तेव्हा बोअरचा टीडीएस ११०० निघाला होता.

केळीबाग (दुपारी ४:४४)

मी तुमच्याच भागातला, रावेर तालुका. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. जडपणा त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमपुरता. दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. आपल्याकडचं बोअर यात कुठं बसतं ते तपासून घ्या.

ठिबक असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ड्रिपर क्षारानं चोंदले की आपण नळ्यांतून ॲसिड सोडतो, तेव्हा कुठं पाणी टपकायला लागतं. नळीचे हे हाल, तर केसांचं काय होत असेल! सरळ सॉफ्टनर बसवा टाकीला, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, मिठावर चालतं. मी बसवला, मिठाचं पोतं आणून ठेवतो, कपडे-भांडी-केस सगळं सुधारलं.

शिरपूर_मेडिकल (दुपारी ४:५०)

केळीबाग भाऊ, ॲसिडचं उदाहरण समजायला उत्तम, पण कोणी वाचून ते डोक्याला लावू नका, कळकळीची विनंती.

सॉफ्टनर चांगला, पण रविवारपर्यंत बसणार नाही, आणि खर्चही आहे.

निसर्गवेल (सायंकाळी ५:२०)

मूळ कारण कोणी सांगतच नाहीये. सल्फेट! सगळ्या बाजारी शाम्पूंत फेसासाठी सल्फेट असतं, ते विष आहे, त्यानं कॅन्सर होतो. सल्फेट-फ्री घ्या, तीन महिने वापरा, फरक बघा.

शिरपूर_मेडिकल (सायंकाळी ५:३१)

सल्फेटनं कॅन्सर होतो याला आधार नाही. असं लिहून लोकांना घाबरवू नका. काहींची टाळू सल्फेटनं कोरडी पडते, चुरचुरते, हे खरं. त्यांनी सौम्य शाम्पू घ्यावा. रंगवलेल्या किंवा फार कोरड्या केसांनाही सौम्यच बरा. पण ताईंची टाळू तेलकट, पाणी जड. सल्फेट-फ्रीला मुळात फेस कमी, त्यात हे पाणी. फेस येत नाही म्हणून त्या दुप्पट ओततील आणि थर तसाच राहील.

निसर्गवेल (सायंकाळी ५:४०)

माझा स्वतःचा अनुभव आहे. माझे केस गळायचे थांबले.

शिरपूर_मेडिकल (सायंकाळी ५:४८)

तुमचे थांबले याचा आनंद आहे. पण बाळंतपण, मोठा ताप, रक्त कमी होणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि काही महिन्यांत आपोआप थांबतात. त्याच काळात जो शाम्पू हाती असतो त्याला श्रेय मिळतं. आणि ताईंनी गळतीचं विचारलेलंच नाही.

बोरीकाठ (सायंकाळी ६:१५)

आम्हना गावले बी असंच पानी शे. डोकामा फेसच व्हस नही. मी अमळनेरकडची. आम्ही शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतो. न्हाणं सगळं बोअरच्या पाण्यानं, पण शेवटी आरओचे दोन तांबे डोक्यावरून सोडायचे. केस मोकळे होतात. पाणी वाया जातं म्हणून आधी सासरे बोलायचे. आता आरओतून जे खारट पाणी बाहेर पडतं ते संडास-अंगणाला वापरते.

पाटा_वरवंटा (सायंकाळी ६:४०)

सावद्याच्या आहात म्हणून विचारते, बामणोदची भरिताची वांगी सध्या मिळतात का तिकडे? पुण्यात जी मिळतात ती भाजली की पाणीच पाणी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास इथे आठवणीतच राहिला.

केळीबाग (सायंकाळी ६:५२)

भरिताचं वांगं खरं थंडीतलं. मे महिन्यात मिळालं तरी ती चव नाही. डिसेंबरात या, शेतात भरीत-पुरीचा बेत करू, कळण्याची भाकरीही करू.

पांझराकाठ (सायंकाळी ७:१०)

भरिताचा धागा वेगळा काढा, कृपया. ताई, एक विचारायचं राहिलं. शाम्पूआधी किंवा नंतर डोक्याला आणखी काही लावता का? तेल, साबण, मेंदी, बेसन, काहीही?

सावद्याची_सून (रात्री ९:३०)

स्वयंपाक आवरून आत्ता बसले. आदल्या रात्री खोबरेल तेल लावते. सकाळी आधी शिकेकाईचा साबण, तेल निघावं म्हणून. सासूबाई तोच वापरतात, इथे आल्यापासून मीही लावते. मग शाम्पू. साबणाचं सांगायचं सुचलंच नाही, विचारायचं शाम्पूबद्दल होतं.

शिरपूर_मेडिकल (रात्री ९:४१)

सापडलं!

ताई, त्या वडीचं नाव शिकेकाई असलं तरी ती साबणच. साबण आणि जड पाणी एकत्र आलं की कॅल्शियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा चिकट गाळ तयार होतो. बादलीच्या कडेला जी साय बसते ती हीच. ती केसांवर बसते, फणीत येते. वरून तुम्ही कितीही चांगला शाम्पू लावा, तो आधी त्या गाळाशी झगडतो. नाशिकला साबण नव्हता आणि पाणीही वेगळं होतं, म्हणून सगळं चालायचं. शाम्पूत साबण नसतो, त्यातला फेस आणणारा घटक वेगळा, जड पाण्यात त्याचा असा गाळ होत नाही.

असं करा. साबण आजपासून बंद. तेल रात्रभर नको, न्हाण्याआधी तासभर आणि फक्त लांबीला. खोबरेल चांगलं आहे, ते केसांच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, पण तेलकट टाळूवर थापू नका. शाम्पू घेताना बाटलीच्या मागे घटकांत 'ईडीटीए' शोधा. डायसोडियम किंवा टेट्रासोडियम, कुठलंही. ते क्षारांना धरून ठेवतं. पुष्कळ साध्या शाम्पूंत असतं, महागाचाच हवा असं नाही. म्हणूनच मी नाव सांगत नाही. पहिल्या वेळी दोनदा शाम्पू करा. मग लिटरभर आरओच्या पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता, दोन मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. टाळूवर खरचटलेलं असेल तर व्हिनेगर नको, झोंबेल.

चोपड्याची_आक्का (रात्री ९:५८)

मी काय म्हणत होते! माझी शिकेकाई आणि ती वडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिरपूर_मेडिकल (रात्री १०:०४)

आक्का, इथे तुमचं शंभर टक्के खरं. शिकेकाई-रिठ्याचा फेस सॅपोनिनचा, म्हणजे झाडातच असणाऱ्या फेसाळ घटकाचा, साबणाचा नाही. जड पाण्यात त्याचा असा चिकट गाळ होत नाही. आपल्या आज्या विहिरीच्या पाण्यानं न्हात होत्या आणि केस मोकळे राहायचे, त्यामागे हेही कारण असणार. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर वापरावी. फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार आग होते.

शब्दवेडा_धुळे (रात्री १०:२०)

विषय निघालाच आहे तर, 'शाम्पू' हा शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. हिंदीतलं 'चांपना', म्हणजे दाबणं, रगडणं. आपण चंपी म्हणतो तीच. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला मालिशीचं स्नानगृह काढलं, तिथून तो शब्द तिकडे गाजला. केस धुणं हा अर्थ नंतर आला.

निवृत्त_बाई (रात्री १०:४५)

सगळे आईच्या केसांत अडकलेत, लेकराकडे कोणी बघतच नाही. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं म्हणून विचारते: मुलगी सुट्टीत कुठे जाऊन आली का? आणि खाजवते ती कानामागे आणि मानेवर का? उजेडात बसवून केस बाजूला करून बघा. कोंडा फुंकरीनं उडतो, बोटानं झटकला की पडतो. लीख केसाला चिकटलेली असते, नखानं ओढावी लागते. सात वर्षांच्या मुलीला बापाचा कोंडा लागत नसतो.

सावद्याची_सून (रात्री ११:२०)

बाई, पंधरा दिवसांपूर्वी मामाकडून, यावलहून आली. तिथे सगळी मुलं ओळीनं गच्चीवर झोपायची. आत्ता झोपेतच टॉर्च लावून पाहिलं. कानामागे लिखाच लिखा आहेत, दोन उवाही दिसल्या. मी उगाच कोंड्याचा शाम्पू चोळत होते तिला. फार वाईट वाटतंय.

निवृत्त_बाई (रात्री ११:२८)

वाईट वाटून घेऊ नको गं. स्वच्छ घरांतल्या मुलांनाही होतात, डोक्याला डोकं लागलं की झालं. रॉकेल मात्र लावू नको कोणी सांगितलं तरी. भाजतं लेकराला. आणि यावलला भावाच्या घरी कळव, नाहीतर पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच.

शिरपूर_मेडिकल (बुधवार, सकाळी ७:५०)

परमेथ्रिन १ टक्का लोशन आणा. आधी साध्या शाम्पूनं केस धुवायचे, कंडिशनर त्या दिवशी नाही. टॉवेलनं टिपून लोशन लावायचं, १० मिनिटांनी धुवायचं. मग बारीक फणीनं लिखा काढायच्या. लिखांतून नवीन उवा निघतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, ज्यांना आहेत त्यांनाही त्याच दिवशी लावा.

मिस्टरांना केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू. आठवड्यातून दोनदा, डोक्यावर पाच मिनिटं राहू द्यायचा, चार आठवडे. लावला आणि लगेच धुतला तर उपयोग नाही. शेतात डोक्याला रुमाल बांधत असतील तर तो रोज धुतलेला हवा. टाळूला तेल बंद, कोंडा करणारी बुरशी तेलावरच जगते. चार आठवड्यांत फरक नाही पडला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

म्हणजे एक बाटली तिघांना नाही चालणार. ईडीटीए असलेला साधा शाम्पू तुम्हाला आणि मुलीला, औषधी शाम्पू फक्त त्यांना. मुलीला उवांचं आवरलं की आठवड्यातून एक-दोनदाच शाम्पू, कंडिशनर भरपूर, आणि कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या फणीनं खालून वर गुंता काढा. कोरड्या कुरळ्या केसांत फणी घालायची नाही.

सावद्याची_सून (शनिवार, दुपारी १:१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी मुलीला लोशन लावलं, अंगणात खुर्चीवर बसवून दीड तास लिखा काढल्या. सासूबाईंच्या डोक्यातही निघाल्या, त्यांनाही लावलं. सुरुवातीला त्या रागावल्या होत्या, पण काल रात्री पहिल्यांदा लेक न खाजवता झोपली ते बघून निवळल्या. साबण त्या सोडणार नाहीत, मी सोडला.

माझ्या केसांना साधा पुडीतला शाम्पू दोनदा लावला, पुडीमागे बारीक अक्षरांत ईडीटीए होतं. मग व्हिनेगरचं पाणी, शेवटी आरओचे तांबे. फणीवरचा थर पूर्ण नाही गेला, पण निम्म्याहून कमी आहे. वेणी घातली तर हाताला केस लागले, मेण नाही. टोकं अजून राठ आहेत, कंडिशनर आजच आणलाय.

उद्या साखरपुड्याला पाहुण्यांची मुलं येणार, यावलचीही. लेकीचे केस मोकळे सोडू का?

निवृत्त_बाई (शनिवार, दुपारी १:४०)

नाही. दोन घट्ट वेण्या घाल, वर गजरा माळ. मोकळे केस नवव्या दिवसानंतर. ती तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव, लग्नघाईत विसरशील.