बुलेट देशी की विदेशी?

अमळनेर : कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मोटरसायकलींवर लिहितेय. ‘देशी’ आणि ‘विदेशी’ असे दोन रकाने आखले आणि पहिल्याच गाडीला अडले. रॉयल एनफील्ड कुठे टाकू? वडील म्हणतात इंग्रजांची गाडी, भाऊ म्हणतो मद्रासची. दोघंही ठाम आहेत. योग्य शब्द सुचवाल का?

धुळे : ताई, ‘विलायती’ लिहा. नाव इंग्रजी, जन्म इंग्लंडचा. जुना आणि चपखल शब्द आहे.

जळगाव : दादा, ‘विलायती’ शब्द मलाही आवडतो, पण तो इथे पुरा पडत नाही. मूळ अरबी शब्द, अर्थ सत्ता किंवा प्रांत. पुढे आपल्याकडे विलायत म्हणजे इंग्लंडच झालं. पण विलायती चिंच घ्या. ती इंग्लंडची नाही, मेक्सिकोकडची. म्हणजे बोलण्यात ‘विलायती’चा अर्थ ‘बाहेरून आलेलं’ एवढाच उरला. मालक कोण, हे तो शब्द सांगत नाही.

माझं गॅरेज आहे, म्हणून गाडीवरूनच सांगतो. जुनी बुलेट आली की नवा पोरगा हमखास चुकतो. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आधी डीकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी खिटी, दाबून हळूच किक फिरवायची, अँपिअरचा (विजेचा प्रवाह दाखवणारा) काटा मधोमध आला की खिटी सोडायची आणि मग पूर्ण किक मारायची. घाई केली तर किक उलटते आणि नडगी सुजते. ही सगळी घडण इंग्लंडमधल्या रेडिचची. तिथे १९०१ साली पहिली रॉयल एनफील्ड मोटरसायकल निघाली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट मद्रासला बनायला लागली. पुढे तिकडची मूळ कंपनी बंद पडली, इकडची चालू राहिली. १९९४ पासून ती आयशर समूहाकडे आहे, आणि आयशर भारतीय.

म्हणजे गाडीचं मूळ हातापायाला कळतं, मालकी मात्र कागदावरच कळते. आरसी बुकातही नाव मिळतं ते बनवणाऱ्या कंपनीचं. त्या कंपनीत भाग कुणाचे, हे तिथे नसतं.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे प्रश्न तयार आहेत : ‘कुठली?’ आणि ‘कुणाची?’. घोळ होतो तो ‘ची’ या प्रत्ययामुळे. ‘पुण्याची गाडी’ आणि ‘मामाची गाडी’ यांत प्रत्यय एकच. एकदा ठिकाण, एकदा मालक. अहिराणीतही तसंच, ‘जयगावनी गाडी’, ‘मामानी गाडी’. म्हणून तुमचे वडील आणि भाऊ भांडतायत, पण दोघंही ‘कुठली’चंच उत्तर देतायत. ‘कुणाची’ हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही.

शहादा : भाऊ, पटलं. आमच्याकडे देशी कापूस म्हणजे वाण देशी. अमेरिकन वाण आमच्याच रानात, आमच्याच पाण्यावर येतं, पण त्याला कुणी देशी म्हणत नाही. शेताचा मालक कोण, याच्याशी ‘देशी’चा संबंधच नाही. गाय असो, कोंबडी असो, ‘देशी’ वंशाला लागतं. म्हणून बुलेटला ‘देशी’ म्हटलं की माझ्या कानाला खटकतं.

धुळे : मग ‘स्वदेशी’ चालेल?

जळगाव : ‘स्वदेशी’ला १९०५ च्या वंगभंगापासूनची चळवळ चिकटलेली आहे. त्यात माल इथे व्हावा, पैसा इथे राहावा, असा आग्रह आहे. भित्तिपत्रकात तो शब्द घातला तर माहितीऐवजी मत मांडल्यासारखं होईल. सरळ ‘भारतीय मालकीची’ लिहा. शब्द लांब आहे, पण खोटा पडत नाही.

भुसावळ : हीरो होंडाचं काय? आमच्या घरी अजून एक आहे.

जळगाव : ती दोघांची. १९८४ साली भारताचा हीरो आणि जपानची होंडा यांनी मिळून काढली. तिथे ‘भागीदारीतली’ हाच शब्द. २०१० साली फारकत ठरली, पुढच्या वर्षी हीरो मोटोकॉर्प नाव आलं. ती भारतीय मालकीची. होंडाची इथली स्वतःची कंपनी वेगळी, ती पूर्ण जपानी मालकीची, जरी गाड्या भारतातच बनतात. एका घरात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असतात, दोन्ही इथेच बनलेल्या, आणि मालक दोन देशांतले. ‘विदेशी’ म्हणताना लोकांच्या मनात ‘आयात केलेली’ असतं, म्हणून तोही शब्द जपून.

अमळनेर : सगळ्यांचे आभार. दोन रकाने खोडले आणि तीन केले : मूळ कुठलं, बनते कुठे, मालकी कुणाची. बुलेट लगेच बसली. जावा भरताना मात्र पुन्हा अडले. मूळ चेक, १९६१ पासून म्हैसूरला बनायची, आता महिंद्रा समूहातली क्लासिक लेजंड्स बनवते, पण नाव परवान्यावर घेतलेलं.

जळगाव : मग ताई, चौथा रकाना लागणार : नाव कुणाचं.

अमळनेर : आखला. वडील शेजारी बसून वाचतायत. म्हणतात, माझी राजदूत आधी भर.

जळगाव : मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीचं, बनवायची एस्कॉर्ट्स, मालकी भारतीय. गाडी चालू असेल तर एकदा गॅरेजला आणा, बघायला आवडेल.