इसुआचे ३७० कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट खरे की खडकाच्या नुसत्या घड्या?

प्रश्न – गारगोटी:
ग्रीनलंडमधल्या इसुआचे १ ते ४ सेंमी उंचीचे शंकू २०१६ मध्ये स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या सायीने थरावर थर रचून झालेले जीवाश्म, म्हणून जाहीर झाले, २०१८ मध्ये त्यांवर आक्षेप आला. नुसता आकार बघून ठरवता येत नाही का?

थरथर:
नाही. कापलेल्या बाजूवर थरांची जाडी बघा. सुटी वाळू उतारावरून घसरून खळग्यात साचते, पण सूक्ष्मजीवांची चिकट साय कण धरून ठेवते. म्हणून खऱ्या स्ट्रोमॅटोलाइटमध्ये थर माथ्यावर जाड, खळग्यात पातळ. शिवाय सगळे माथे वरच हवेत. इसुआत काही शंकू उलटे, टोक खाली असलेले निघाले, आणि आत थरही दिसेनात.

खडकवेडा:
एक खोच आहे. दाबाने घडी पडली तरी माथ्यावर थर जाड होतात! फरक इतकाच, की घडीत खळगाही तसाच फुगतो. म्हणून दोन्ही मोजा. आणि एकाच बाजूने बघून फसू नका: इसुआचे 'शंकू' दुसऱ्या बाजूने कापले तर लांबट वरंबे निघाले.

थरथर:
बरोबर. तुलनेला ऑस्ट्रेलियातल्या पिलबारातला स्ट्रेली पूल नावाचा खडकांचा थर घ्या, ३४३ कोटी वर्षांचा. तिथले काही थर अंड्यांच्या ट्रेसारखे उठलेत. माझं मत विचाराल तर जीवसृष्टीच्या पुराव्याची सुरुवात तिथूनच करावी.

खडकवेडा:
आणि हो, खडकावर आम्ल टाकून फेस आला तर तो कार्बोनेट (चुनखडीसारखा खडक) आहे एवढंच कळतं, जीव होता हे नाही. डोलोमाइट हे कार्बोनेट तर पूड केल्याशिवाय नीट फसफसतही नाही.