मूत्राशयाच्या जळजळीसाठी एलिमिनेशन डाएट: आमटीतला आंबटपणा काढायचा कसा?

मुलुंड_पूर्व

बायकोला इंटरस्टिशियल सिस्टायटिसचं (जंतुसंसर्ग नसतानाही मूत्राशय सतत दुखण्याचा आजार) निदान झालंय. लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) तीनदा निगेटिव्ह, सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बिणीतूनही तपासून झालं. औषध सुरू आहे आणि सोबत चार आठवड्यांचं एलिमिनेशन डाएट (संशयाचे पदार्थ बंद करून मग एकेक परत आणून बघणं) करायला सांगितलंय. हातात जो छापील कागद मिळाला, त्यात ब्लूबेरी, ओट्स, नासपती आणि 'टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, कॉफी टाळा'. कोकम, चिंच, ताक, गोडा मसाला, कैरी यांचा कुठे पत्ता नाही. आमच्याकडे कोकमाशिवाय आमटी होत नाही आणि टोमॅटोशिवाय रस्सा.

नेमकं काय काय काढायचं आणि त्याजागी काय घालायचं? चहा एकदम तोडायचा का? चार आठवड्यांनंतर एकेक पदार्थ परत कसा आणायचा? शिवाय ती रोज मुलुंड ते सीएसएमटी प्रवास करते, लोकलच्या भीतीने सकाळी पाणीच पीत नाही. ते कसं बसवायचं?

वरणभात

आधी स्वयंपाकाचं बघू, कारण डाएट मोडतं ते तिथेच.

पहिल्या चार आठवड्यांत हे बंद: चहा, कॉफी, ग्रीन टी, कोला, सोडा, दारू, चॉकलेट. लिंबू, संत्रं, मोसंबी, अननस, कैरी, आवळा (म्हणजे च्यवनप्राशही). टोमॅटो कुठल्याही रूपात नको. चिंच, कोकम, आगळ, सोलकढी, व्हिनेगर, लोणचं. हिरवी मिरची, लाल तिखट, ठेचा, कांदा-लसूण मसाला. अंबाडी आणि चुका. सोया सॉस, सोयाबीन. शुगर-फ्री गोळ्या आणि 'डाएट' लिहिलेलं काहीही. दही-ताक काहींना चालतं, बऱ्याच जणांना नाही, म्हणून तेही पहिल्या फेरीत बाहेर.

उरतं काय? तसं बरंच. भात, पोळी, ज्वारी-नाचणीची भाकरी, मूग, तूर, मसूर, दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, बटाटा, गाजर, कोबी, फ्लॉवर, भेंडी, फरसबी, काकडी. दूध, तूप, अंडं, चिकन, ताजा पापलेट किंवा सुरमई. फळांत नासपती, कलिंगड, खजूर.

आता आंबटपणाबद्दल. बहुतेक जण एक आंबट काढून दुसरं घालतात: चिंच बंद म्हणून आमचूर, टोमॅटो बंद म्हणून दही. त्याने काही साधत नाही. आंबट पूर्ण काढा आणि चव दुसऱ्या वाटेने बांधा. एका वाटी तुरडाळीच्या आमटीला दोन चमचे ओलं खोबरं आणि अर्धा चमचा भाजलेलं जिरं बारीक वाटून लावा. वर तुपात हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण अशी फोडणी आणि भरपूर कोथिंबीर. एक गोष्ट लक्षात ठेवा, आंबट गेलं की नेहमीचा गूळ बोचायला लागतो. सुपारीएवढा घालत असाल तर हरभऱ्याएवढा घाला. 'डाएटची आमटी गुळचट लागते' ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते.

लाल रश्श्यासाठी २०० ग्रॅम लाल भोपळा आणि एक गाजर उकडून वाटा, त्यात अर्धा कांदा तांबूस होईपर्यंत परतून घाला. रंग आणि दाटपणा दोन्ही मिळतात. कांदा कच्चा मात्र नको, शिजवलेला बहुतेकांना सोसतो.

मासळीला लिंबू-कोकम न लावता हळद-मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, मग लसूण-कोथिंबिरीचं वाटण लावा. वास राहत नाही.

गोडा मसाला घरचा असेल तर त्यात लाल मिरची आहे का ते बघा, बऱ्याच घरांत असते. मिरचीशिवाय पाव किलोचा वेगळा करून ठेवलात तर महिना निघतो.

आणि दोन स्वयंपाक करू नका, चार दिवसांत कंटाळा येतो. डाळ शिजली की वहिनींचा वाटा आधी काढून घ्या, मग बाकीच्यात कोकम आणि तिखट टाका. ही अ‍ॅलर्जी नाही. डाव चुकून इकडचा तिकडे लागला म्हणून काही बिघडत नाही, फरक पडतो तो प्रमाणाने.

केसपेपर

डाएटच्या आधी एक खात्री करा. लघवीत पस सेल्स (पू-पेशी) दिसतात पण साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असं वारंवार होत असेल तर आपल्याकडे मूत्रमार्गाच्या टीबीची तपासणी झालीच पाहिजे. साध्या कल्चरमध्ये टीबीचे जंतू दिसत नाहीत, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. रिपोर्ट परत काढून पस सेल्सचा आकडा बघा आणि डॉक्टरांना थेट विचारा. कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू असताना दिला असेल तर त्या 'निगेटिव्ह'ला फारसा अर्थ नाही.

लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, लघवी अडणं यातलं काही झालं तर डाएटचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. रुग्णाला स्वतःला तंबाखूची सवय असेल तर लघवीतल्या रक्ताकडे आणखी गांभीर्याने बघायचं.

नोंदवही

या डाएटमध्ये वगळणं हा सोपा भाग आहे. खरं काम पदार्थ परत आणताना होतं, आणि तेच कुणी नीट करत नाही. लोक वर्षभर सगळंच बंद ठेवतात, वजन उतरतं, आणि नेमकं काय बाधतं ते तरीही कळत नाही. हा आजार असलेल्या प्रत्येकाला अन्न बाधतंच असंही नाही. चार आठवडे काटेकोर पाळून नोंदीत काहीच फरक दिसला नाही, तर अन्न हे कारण नाही असं समजून नेहमीचं जेवण सुरू करायचं.

सुरुवात अशी. डाएटच्या आधी सलग तीन दिवस पूर्ण नोंद. ५०० मिलीचं खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं आणा. प्रत्येक वेळी लघवी झाली की लिहायचं: वेळ, किती मिली, दुखणं ० ते १०, घाई (लगेच जावंसं वाटणं) ० ते १०. हे तीन दिवस म्हणजे तुमची पायरेषा. पुढे दर आठवड्याला असाच एक दिवस मोजला तरी पुरे. 'आज बरं वाटतंय' ही नोंद नव्हे. दिवसाला १८ वेळांवरून १२ वेळा, एकावेळी ९० मिलीवरून १५० मिली, ही नोंद.

चहा एकदम तोडू नका. रोजचे दोन मोठे कप असतील तर दर दोन दिवसांनी अर्धा कप कमी करत आठवड्यात शून्यावर या. एकदम तोडला की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि ते आठवडाभरही टिकू शकतं. त्यात सगळंच दुखतंय असं वाटतं आणि नोंद बिघडते. चार आठवडे मोजायचे ते चहा पूर्ण सुटल्यावर. ऑफिसात कटिंगच्या वेळेला हातात काहीतरी लागतंच, तर एक चमचा धने आणि अर्धा चमचा जिरे दोन कप पाण्यात उकळून थर्मासमध्ये न्यायचे.

आता परत आणण्याचं. फरक दिसला आणि किमान आठवडाभर तो टिकला, की एका वेळी एकच पदार्थ:

पहिला दिवस: नेहमीच्या वाट्याचा पाव भाग.
दुसरा दिवस: अर्धा.
तिसरा दिवस: पूर्ण.
मग तीन दिवस तो पदार्थ बंद, फक्त नोंद.

त्रास कधी अर्ध्या तासात येतो, कधी दुसऱ्या दिवशी, म्हणून हे तीन मोकळे दिवस हवेतच. पहिल्याच दिवशी दुखणं दोन-तीन अंकांनी वर गेलं तर चाचणी तिथेच थांबवायची आणि त्रास चाचणीआधीच्या पातळीवर परत येईपर्यंत दुसरं काही तपासायचं नाही. त्याला दोन दिवस लागतील किंवा आठवडा.

चाचणीचा पदार्थ एकटा हवा. इथे हमखास चूक होते. टोमॅटो तपासायचा म्हणून केचप खाल्लं तर त्यात व्हिनेगरही आलं. चहा तपासताना आलं घालायचं नाही. लिंबू तपासायचं तर वरणभातावर पाव चमचा रस, लिंबू सरबत नाही. कोकम तपासायचं तर आमटीत एक आमसूल, सोलकढी नाही, तिच्यात मिरची-लसूण असतं.

क्रम आपला आपण ठरवा. ज्याच्यावाचून अडतं आणि ज्याच्यावर संशय कमी आहे, ते आधी: दही, मग ताक, कोकम. टोमॅटो, लिंबूवर्गीय, तिखट, चहा-कॉफी शेवटी, कारण तिथे बाधण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पाळी येण्याआधीचा आठवडा चाचणीला घेऊ नका. तेव्हा अनेकींचा त्रास आपसूक वाढतो आणि दोष बिचाऱ्या टोमॅटोवर जातो. प्रवास, जागरण, नवीन औषध, सर्दीच्या गोळ्या असतील तेव्हाही नाही.

अजून एक. वेगवेगळे सोसणारे दोन पदार्थ एकाच दिवशी आले की त्रास होऊ शकतो. सकाळी अर्धा कप चहा चालतो, दुपारी टोमॅटोची भाजीही चालते, पण दोन्ही नाही. यादी करताना 'चालतं' आणि 'चालत नाही' यांच्यामध्ये 'दिवसातून एकच' असा तिसरा रकाना ठेवा. पुढे त्याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो.

१०_३२ची_फास्ट

पाण्याबद्दल. सकाळी पाणी न पिणं हे या आजारात उलटं पडतं. लघवी घट्ट आणि गडद झाली की तीच मूत्राशयाला जास्त लागते. दिवसाला दीड ते दोन लिटर, दर तासाला साधारण १५० मिली. एकदम दोन ग्लास रिचवायचे नाहीत. घरातून निघायच्या पाऊण तास आधी शेवटचे घोट, निघताना जाऊन यायचं आणि उतरल्यावर परत सुरू. रंग फिकट पिवळा हवा. एप्रिल-मेच्या आणि ऑक्टोबरच्या घामात दोन लिटरही कमी पडतात.

जळजळ उठली तर पाव चमचा खाण्याचा सोडा ग्लासभर पाण्यातून घ्या, लघवी अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होते आणि आराम पडतो.

केसपेपर

सोड्याचा सल्ला असा सरसकट देऊ नये. एका चमच्यात साधारण १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे पाव चमच्यात ३०० तरी झालं. रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. इतरांनीही रोजची सवय करू नये.

'अल्कलाइन' हे गणितही तितकं सरळ नाही. लिंबातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि लघवी उलट अल्कलाइनकडे झुकते. तरी लिंबू अनेकांना बाधतंच. लघवीचा पीएच (आम्लतेचं माप) मोजत बसण्यापेक्षा नोंदवहीवर भर द्या. जळजळीवर मिळणारं सायट्रेटचं सिरप डॉक्टरांनी दिलं असेल तर मनाने बंद करू नका, पण चाचण्या सुरू असताना कधी घेतलं ते लिहून ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे आभार. पस सेल्स तिन्ही रिपोर्टमध्ये १ ते २ आहेत, तरी पुढच्या वेळी विचारतो. अजून दोन शंका. ती रोज पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिन सीची गोळी घेते आणि एक मल्टिव्हिटॅमिन. ते चालू ठेवायचं? आणि चार आठवड्यांच्या मध्येच गणपती येतात. घरी पाच दिवसांचा असतो.

वरणभात

व्हिटॅमिन सीची गोळी आधी बंद. ती म्हणजे शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, वर फसफसण्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड. मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुतेक वेळा सी असतं, ते डॉक्टरांना विचारून चार आठवडे थांबवा. रक्त कमी म्हणून किंवा बी १२ साठी वेगळी गोळी दिली असेल तर ती थांबवायची नाही. सी तसंही कोबी, फ्लॉवर, बटाट्यातून मिळतं, फार उकळून पाणी फेकू नका म्हणजे झालं.

पाकिटांवर मागे बारीक अक्षरात आकडे असतात, ते वाचायची सवय लावा: ३३० सायट्रिक अ‍ॅसिड, २९६ मॅलिक, ३३४ टार्टारिक, ६२१ अजिनोमोटो, ९५० आणि ९५१ आणि ९५५ कृत्रिम गोडी. पाकिटातला चिवडा, खमण, लिंबाच्या चवीचं ओआरएस, ॲसिडिटीवरचं फ्रूट सॉल्ट, गोळ्या-चॉकलेटं यात ३३० हमखास सापडतं. घरी 'लिंबूफूल' म्हणतात तेही हेच.

अजून एक घोळ होतो. फळं आणि कोशिंबिरी कमी झाल्या की पोट साफ होत नाही, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं. मग डाएट करूनही घाई वाढते. रोज एक वेळ भाकरी, दोन वेळा भाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर दाण्याचं कूट आणि तुपाची फोडणी घालून, लिंबू न पिळता. आणि तीन-चार खजूर.

गणपतीचं फार टेन्शन घेऊ नका. उकडीचे मोदक म्हणजे तांदूळ, ओलं खोबरं, गूळ, वेलची, तूप, यातलं काहीच यादीत नाही. वरणभात आहे, बटाट्याची पिवळी भाजी मिरचीऐवजी जिरं-हिंगावर करा, लिंबाची फोड पानातून बाजूला. ऋषीची भाजी करत असाल तर त्यात चिंच किंवा आंबट ताक पडतं, वहिनींची भाजी आधी काढून घ्या. पंचामृतात दही आहे, तीर्थ म्हणून हातावर घेतलं त्याने काही होणार नाही, वाटीभर नको. बाहेर दर्शनाला गेलात तर वडापावच्या गाडीवर नुसता पाव आणि वडा मागायचा मोह होईल, पण वड्यात हिरवी मिरची असतेच. घरून खजूर आणि दाणे न्या.

आणि त्या पाच दिवसांत नवीन पदार्थाची चाचणी घेऊ नका. जागरण, पाहुणे, उभं राहणं, आरतीच्या वेळी धरून ठेवलेली लघवी यातलं कुठलं बाधलं ते वहीतून निघणार नाही. ते दिवस फक्त लिहून ठेवा आणि विसर्जनानंतर दोन दिवस जाऊ देऊन मोजायला बसा.