बार्सा महिला संघाचा जन्म १९७० चा की २००२ चा?

चिरेबंदी:
बार्सेलोना म्हणजे बार्सा या स्पॅनिश क्लबच्या महिला फुटबॉल संघाचा इतिहास क्लब १९७० पासून सांगतो. मला हे पटत नाही. २५ डिसेंबर १९७० ला, ऐन नाताळात, क्लबच्या काम्प नोऊ मैदानावर मुलींचा संघ सेंतेयेस या संघाविरुद्ध खेळला. पण त्यांच्या अंगात बार्साची निळी-लाल जर्सी नव्हती, पांढरे शर्ट होते. संघाचं नावही क्लबचं नव्हतं, शहराचं होतं. क्लबचा अधिकृत विभाग व्हायला २००२ उजाडलं. तीस वर्षं ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांची वर्षं क्लबने आपल्या वयात का धरावीत?

मेघना_कऱ्हाड:
साफ असहमत. तो सामना झाला कसा ते बघा. इमाकुलादा काबेसेरान ही अठरा वर्षांची मुलगी थेट क्लबचे अध्यक्ष आगुस्ती मोन्ताल यांच्याकडे गेली आणि मुलींना खेळायचंय म्हणाली. त्यांनी तिला वाटेला लावलं नाही. काम्प नोऊ दिलं, प्रशिक्षक म्हणून अंतोनी रामायेत्स दिले, म्हणजे बार्साचा एके काळचा नावाजलेला गोलरक्षक! नाव आणि रंग अडवले ते स्पॅनिश फुटबॉल महासंघाने. हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष पेरेस-पाया तर उघड म्हणाले होते की शर्ट-चड्डीत बाई शोभत नाही, त्यापेक्षा कुठलाही प्रादेशिक पोशाख तिला बरा दिसेल. अशा काळात मैदान उघडून देणं ही सुरुवात नाही तर काय?

चिरेबंदी:
मोन्ताल यांचं श्रेय मी नाकारत नाही. पण फ्रँको १९७५ ला गेला, महासंघाने १९८० ला महिला फुटबॉलला मान्यता दिली. पुढची बावीस वर्षं कुणी हात धरले होते? या मुलींच्या संघाने १९९४ मध्ये कोपा दे ला रेइना हा स्पेनचा महिला करंडक जिंकला तेव्हाही त्या अधिकृत विभाग नव्हत्या. तो करंडक मात्र आज क्लबच्या यादीत आहे. याचाच मला राग येतो.

डावा_विंगर:
दोन्ही तारखा सोडा. २०१५ ला संघ व्यावसायिक झाला, खरा इतिहास तिथून. त्याआधी २००७ मध्ये हा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. आजची नावाजलेली खेळाडू आलेक्सिया पुतेयास लहानपणी बार्साकडे आली, पण वर्षभरात तिला बाहेर पडावं लागलं. एस्पान्योल, लेव्हान्ते अशा क्लबांतून फिरून ती २०१२ ला परतली. पैसा आल्यावरच २०२१, २०२३ आणि २०२४ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपचं विजेतेपद आलं, जर्मनीच्या व्होल्फ्सबुर्गविरुद्ध काम्प नोऊवर ९१,६४८ प्रेक्षक आले.

मेघना_कऱ्हाड:
हे गणित जुळत नाही हो. २०१२ ते २०१५ सलग चार स्पॅनिश लीग जिंकल्या, त्या व्यावसायिक होण्याआधी! आणि व्यावसायिक झाल्यावर? २०१६ ची लीग अ‍ॅथलेटिक बिल्बाओने नेली, पुढच्या तीन अ‍ॅटलेटिको माद्रिदने. पैशाचं फळ दिसायला वेळ लागला, आणि पाया बिनपैशाच्या मुलींनी घातला होता.

डावा_विंगर:
पाया त्यांचा, मान्य. पण दिवसा नोकरी किंवा शिक्षण आणि संध्याकाळी सराव, अशा संघातून बालोन द’ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकणारी खेळाडू घडत नाही. आलेक्सियाने २०२१ आणि २०२२ ला तो जिंकला, पुढे बार्साच्याच आयताना बोनमातीने सलग तीनदा. म्हणून मी २०१५ ला धरून आहे.

चिरेबंदी:
मेघना, तुमच्याच मुद्द्याने माझं म्हणणं पक्कं होतं. बिनपैशाच्या, बिनजर्सीच्या त्या मुलींचं श्रेय त्यांच्याच नावावर राहू दे. १९७० पुसा असं मी म्हणत नाहीच. पहिल्या पानावर काबेसेरानचं नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि खाली स्पष्ट लिहा: क्लबने यांना २००२ पर्यंत आपलं म्हटलं नाही.

मेघना_कऱ्हाड:
तेवढं लिहिणार असतील तर माझी हरकत नाही. फक्त त्याच पानावर महासंघाचंही नाव हवं, पेरेस-पायांच्या त्या विधानासकट.